सफरचंद घालून केलेले पोर्क चॉप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याजवळ, नॉर्मंडीतल्या काँ शहरात आम्ही सहा वर्षं राहिलो. तो सगळा सफरचंदांचा आणि गाईंचा मुलूख. तिथल्या स्वयंपाकात वाइनच्या जागी सीडर असते, म्हणजे सफरचंदाच्या रसाची आंबवलेली दारू, आणि तेलाच्या जागी लोणी. तिथे शिकलेला हा पदार्थ मी आता पुण्यात करते. घरी जेवून गेलेली मंडळी नंतर फोन करून जे विचारतात, ते इथे एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. बहुतेक फोनांचा सूर एकच असतो: चव छान आली, पण मांस वातड झालं. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे.

डुकराचं मांस आणि सफरचंद ही जोडी जुळली कशी?

हंगामामुळे. युरोपात घरोघरी पोसलेली डुकरं नोव्हेंबरच्या आसपास, थंडी पडली की कापायची रीत होती. उशिरा पिकणारी सफरचंदं तेव्हाच झाडावरून उतरवलेली असायची. बागेत गळून पडलेली फळंही डुकरांच्याच पोटात जायची. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर ओल्ड स्पॉट्स नावाची डुकराची जात आहे, तिला 'बागेतलं डुक्कर' म्हणूनच ओळखतात. तिच्या अंगावरचे काळे ठिपके म्हणजे वरून पडलेल्या सफरचंदांचे वळ, अशी तिथली लोककथा आहे.

त्यामुळे ही जोडी एकट्या नॉर्मंडीची नाही. इंग्लंडमध्ये भाजलेल्या पोर्कसोबत सफरचंदाचा आंबटसर गर वाढतात, डेन्मार्कमध्ये चरबीदार पोर्क आणि सफरचंदं एकत्र परततात, जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी सफरचंद आणि बटाटा एकत्र शिजवून रक्ताच्या सॉसेजबरोबर खातात. त्या पदार्थाचं नाव 'आकाश आणि माती'. सफरचंद वरचं, बटाटा खालचा. मला हे नाव फार आवडतं.

जोडी जुळवली हंगामाने, पण टिकवली चवीने. चरबीला आंबट लागतंच. आपल्याकडे गोव्यात डुकराच्या मांसात सोलं घालून सोलांतुलें करतात, व्हिंदालूत व्हिनेगर असतं. सफरचंद इथे त्याच आमसुलाचं काम करतं. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की फळ कोणतं घ्यायचं, साखर घालायची का, असे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. (साखर घालायची नाही.)

दुकानात नेमकं काय मागायचं?

पाठीकडचा, हाड असलेला तुकडा, आणि दोन बोटं जाड. आपल्याकडे सांगितलं नाही तर चॉप एक सेंटिमीटरचे पातळ कापून देतात. ते तव्यावर वरून लाल होईपर्यंत आतून कोरडे झालेले असतात. अडीच ते तीन सेंटिमीटर जाडी हवी. एका चॉपचं वजन मग अडीचशे ते तीनशे ग्रॅम भरतं, आणि एका माणसाला एक पुरे होतो.

बरगडीचं हाड असलेला चॉप मला सगळ्यात आवडतो, कारण हाडालगत थोडी चरबी असते. इंग्रजी टी अक्षरासारखं हाड असलेला चॉपही चालतो, फक्त त्याच्या एका बाजूचं मांस दुसरीपेक्षा लवकर शिजतं. कडेची पांढरी चरबी काढून टाकायला सांगू नका. अर्धी चव तिच्यात आहे, आणि सफरचंदं तिच्यातच परतायची आहेत.

मटण आपण तास-दीड तास शिजवतो. मग चॉप दहा-बारा मिनिटांत कसा शिजेल?

इथेच सगळी गफलत होते. माझीही झाली होती. पहिल्याच हिवाळ्यात मी शेजारच्या मादामना जेवायला बोलावलं आणि चॉप मटणासारखे झाकण ठेवून चाळीस मिनिटं शिजवले. त्यांनी एक घास खाल्ला, चावत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी मला सँ-सोव्हर चौकातल्या बाजारात घेऊन गेल्या, स्वतः उभं राहून चॉप कापून घेतले, आणि माझ्याच स्वयंपाकघरात करून दाखवले. चॉप तव्यावरून उतरवला तेव्हा मला वाटलं, या मधेच का थांबल्या?

कारण असं. मटणाचा मांडीचा किंवा खांद्याचा तुकडा म्हणजे जनावर ज्या स्नायूंवर चालतं ते मांस. त्यात चिवट पांढरे धागे असतात, कोलॅजेन. ते मंद आचेवर तास-दोन तास शिजल्यावर विरघळून रस्सा दाट होतो आणि मांस मऊ पडतं. त्यामुळे 'जास्त शिजवलं की मऊ होतं' हे आपल्या हाताला लहानपणापासून माहीत असतं. डुकराच्या पाठीच्या स्नायूला मात्र फारसं काम नसतं. त्यात विरघळण्यासारखं कोलॅजेन अगदी थोडं. ते मांस मुळातच मऊ असतं; जास्त शिजवून त्यातलं पाणी तेवढं पिळून निघतं. पंधरा मिनिटांनी वातड झालेला चॉप आणखी अर्धा तास शिजवला तर आणखी वातड होतो. मऊ व्हायची वाट बघत बसलात तर ती वेळ येतच नाही.

म्हणून कुकरही नको. एका शिट्टीतच खेळ संपतो. घरी खांद्याचंच मांस आलं असेल तर गोष्ट वेगळी. ते सीडरमध्ये झाकण ठेवून दीड-दोन तास मंद शिजवा, सफरचंदं शेवटच्या पंधरा मिनिटांत घाला. चांगलं होतं, पण तो रस्सा झाला. चॉपची सर त्याला नाही.

इतकं कमी शिजवलेलं पोर्क खाणं सुरक्षित आहे का?

भीती रास्त आहे, पण मोघम नको. स्वयंपाकघरात टोकदार थर्मामीटर ठेवा. फार महाग नसतो, आणि या पदार्थासाठी त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. टोक चॉपच्या मधोमध, कडेने आडवं खुपसायचं. हाडाला टेकू द्यायचं नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली अखंड तुकड्यांसाठीची मर्यादा ७१ अंश सेल्सिअसवरून ६३ अंशांवर आणली. अट अशी की तव्यावरून काढल्यावर मांस किमान तीन मिनिटं तसंच ठेवायचं. खिम्याला हे लागू नाही, त्याला ७१च. चॉप उतरवल्यावरही आतला आकडा तीन-चार अंश चढतो, म्हणून ६० ला उतरवून ठेवायचा, तो ६३ ला पोचला हे बघायचं, आणि तिथून तीन मिनिटं थांबूनच वाढायचा. आत किंचित गुलाबी राहतो. रंगावरून अंदाज बांधू नका, रंग फसवतो.

आता आपल्याकडचं. मांस कुठून आलं, जनावर कसं पोसलं, हे खात्रीने माहीत नसेल तर मी ७१ पर्यंतच नेते, आणि तुम्हालाही तेच सांगेन. भारतात पट्टकृमीचा प्रश्न खरा आहे. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून तो आतड्यात जातो. मेंदूत गाठी होऊन झटके येतात ते मात्र थेट मांसातून नव्हे. ज्याच्या आतड्यात कृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात किंवा न धुतलेल्या पालेभाजीत मिसळतात, त्यातून. कच्च्या मांसात साबुदाण्यासारखे पांढरट दाणे दिसले तर ते मांस शिजवायचंच नाही, टाकून द्यायचं.

७१ ला चॉप थोडा घट्ट होतो, हे खरं. पण आदल्या रात्री मीठ लावून ठेवलं असेल तर कोरडा पडत नाही. घाबरून ८५-९० पर्यंत नेला तर मात्र सॉस कितीही चांगला करा, उपयोग नाही.

मीठ कधी लावायचं?

आदल्या रात्री. अडीचशे ग्रॅमच्या चॉपला सपाट अर्धा चमचा, म्हणजे साधारण तीन ग्रॅम, दोन्ही बाजूंनी चोळून फ्रीजमध्ये ताटलीत उघडाच ठेवायचा. मीठ आधी पाणी ओढतं, मग ते खारट पाणी परत आत मुरतं आणि तव्यावर मांस आपलं पाणी कमी सोडतं. वरचा पृष्ठभागही सुकतो, त्यामुळे रंग झटकन येतो.

आदली रात्र हुकली तर किमान पाऊण तास आधी लावा. तेवढाही वेळ नसेल तर अगदी तव्यावर टाकताना. मधल्या वेळेत, दहा-वीस मिनिटं आधी लावलेलं मीठ सगळ्यात वाईट, कारण पाणी बाहेर आलेलं असतं आणि परत मुरलेलं नसतं.

कोणती सफरचंदं घ्यायची?

शिजून आकार टिकणारी आणि आंबट. बाजारात 'हिरवं सफरचंद' म्हणून मिळतं ते ग्रॅनी स्मिथ दोन्ही कसोट्यांना उतरतं. परदेशातून येतं, महाग असतं, पण दोन माणसांना दोनच लागतात.

हिमाचलचं गोल्डन, म्हणजे पिवळं सफरचंद, मला जास्त आवडतं. त्याचा सुगंध छान असतो आणि फोडी मोडत नाहीत. आंबटपणा कमी पडतो, तो लिंबाने भरून काढायचा. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये नवा माल येतो तेव्हा घ्या. शीतगृहात सहा महिने राहिलेलं फळ पिठूळ होतं.

हातगाडीवरचं लालभडक डेलिशस शक्यतो नको. मूळच्या अमेरिकन सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६ साली अमेरिकेतून रोपं आणून हिमाचलात कोटगढला ही जात लावली आणि त्या डोंगराचं नशीबच पालटलं. पण ते नुसतं खायचं फळ आहे. तव्यावर त्याचा गाळ होतो आणि उरतो फक्त गोडवा. तेच घरात असेल तर जाड फोडी करा, सालासकट परता, आणि अर्धं लिंबू पिळा.

आंबट म्हणजे टणक असं मात्र समजू नका. इंग्लंडमध्ये राहणारी माझी नणंद ब्रॅमली वापरते. ते ग्रॅनी स्मिथपेक्षाही आंबट, पण पाच मिनिटांत फुलून त्याचा कापसासारखा गर होतो. तो गर बाजूला वाढायला उत्तम. फोडी हव्या असतील तर ब्रॅमली नको.

कृती एकदा सलग सांगाल का?

दोन माणसांसाठी: मीठ लावलेले दोन चॉप, दोन सफरचंदं, एक मोठा कांदा, ३० ग्रॅम लोणी, चमचाभर तेल, २०० मिली सीडर, १०० मिली क्रीम, एक लहान चमचा डिजाँ मस्टर्ड (फ्रेंच पद्धतीची मोहरीची तयार पेस्ट), थाइमच्या दोन काड्या, भरड काळी मिरी.

चॉप अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा. कडेच्या चरबीला दोन-दोन सेंटिमीटरवर चिरा द्या, नाहीतर तापल्यावर ती आकसते आणि चॉप वाटीसारखा वर उचलला जातो. कागदाने किंवा स्वच्छ पंचाने दाबून अगदी कोरडे करा.

बिडाचा तवा किंवा जाड बुडाची कढई चांगली तापवा, तेल पसरा. आधी चॉप चिमट्याने उभे धरून चरबीची कड तव्यावर टेकवा. दोन मिनिटांत चरबी सुटायला लागते आणि कड सोनेरी होते. मग आडवे टाका आणि हलवू नका. इथे आवाज ऐका. मांसात ओल असेल तोवर तवा फसफसतो; ओल गेली की आवाज बारीक होतो, चुरचुर असा एकसारखा. तेव्हा उलटा. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिनिटं झाली की आच मध्यम करून दर मिनिटाला उलटत राहा. ६० अंशांना एकूण दहा-बारा मिनिटं लागतात, ७१ ला आणखी तीन-चार. ७१ हवं असेल तर ६८ ला उतरवा आणि आकडा चढला का ते पुन्हा तपासा. ताटलीत काढून वर सैलसर झाकण ठेवा.

त्याच चरबीत लोणी घाला. एका सफरचंदाच्या आठ फोडी, साल राहू दे, कापलेली बाजू खाली ठेवून एका थरात मांडा. चार मिनिटं हात लावू नका. कडा तांबूस झाल्या की दुसऱ्या बाजूवर. फोड सुरीने टोचली तर टोक सहज आत गेलं पाहिजे, पण फोड उचलली तर वाकता कामा नये. काढून ठेवा.

आता उभा चिरलेला कांदा आणि थाइम. कांदा मऊ झाला की सीडर ओता आणि तव्याला खरपूस धरलेलं सगळं लाकडी उलथण्याने खरवडून घ्या. त्यातच सॉसची चव आहे. सीडर एक तृतीयांश उरेपर्यंत आटवा. आच मंद करा, क्रीम आणि मस्टर्ड घाला, मिरी घाला. ताटलीत चॉपखाली साठलेला रस सॉसमध्ये घालून एक उकळी येऊ द्या. चव बघून मग मीठ. गॅस बंद करून चॉप आणि फोडी परत आत ठेवा, मिनिटभर, आणि लगेच वाढा.

सीडर मिळत नसेल तर?

बिनसाखरेचा सफरचंदाचा रस दीडशे मिली आणि मोठा चमचाभर सफरचंदाचं व्हिनेगर. गोव्याचं माडाचं व्हिनेगर घरात असेल तर ते घाला, अर्धा चमचा कमी. त्याचा वास या चरबीला इतका शोभतो की आता मी सीडर असतानाही कधीकधी थेंबभर घालते. साखर घातलेला डब्यातला रस वापरू नका, आटला की पाक होतो.

सीडर मिळाली तर कोरडी घ्या. फ्रेंच बाटलीवर 'ब्रूत' लिहिलेलं असतं. 'दू' म्हणजे गोड, ती नको.

क्रीम फाटलं. काय चुकलं?

आपल्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये चरबी साधारण २५ टक्के असते. नॉर्मंडीत वापरतात ते क्रीम याहून बरंच दाट असतं आणि आंबट रसात उकळलं तरी टिकतं. आपलं टिकत नाही. म्हणून सीडर एक तृतीयांशावर आटल्यावर, मंद आचेवर, आणि फ्रीजमधून थेट न घालता खोलीच्या तापमानाला आलेलं क्रीम घाला. जोरात उकळू नका. घरच्या दुधाची साय घालून बघू नका. तिचे कण होतात, कितीही घोटली तरी. फाटलंच तर गाळून घ्या, चव बिघडत नाही.

क्रीम अजिबात नको असेल तर शेवटी गॅस बंद करून थंड लोण्याचा तुकडा फिरवा. सॉस पातळ होईल, पण चकाकी येते.

आलं-लसणाचं वाटण लावून ठेवलं तर?

वाटण तापलेल्या तव्यावर मांसाच्या आधी जळतं आणि कडू होतं. लसूण हवी असेल तर दोन पाकळ्या सालासकट ठेचून कांद्याबरोबर टाका. हळद, तिखट, गरम मसाला घालून होणारा पदार्थ चांगला असेलही, पण त्यात सफरचंद हरवतं. एकदा तरी नुसतं मीठ-मिरीवर करून बघा, एवढीच माझी विनंती आहे.

मांस धुऊन घ्यायचं ना?

नको. ओल्या मांसाला तव्यावर रंग येत नाही, आणि शिंतोडे ओट्याभर उडतात. जंतू मारायचं काम आच करते. हाडाचा चुरा लागला असेल तर ओल्या कागदाने पुसा.

मुलांना द्यायचं आहे. शिजल्यावर दारू उडून जाते का?

पूर्ण जात नाही. पंधरा-वीस मिनिटं उकळल्यावरही थोडा अंश राहतो. मुलांसाठी रस आणि व्हिनेगरच घ्या, चवीत फार फरक पडत नाही. नॉर्मंडीत काही घरांत सीडरच्या आधी दोन चमचे कॅल्व्हडॉस, म्हणजे सफरचंदाची ब्रँडी, ओतून पेटवतात. जाळ दिसला म्हणजे सगळी दारू जळाली असं नसतं. चिमणी चालू असताना, आपल्या बंद स्वयंपाकघरात, हा प्रकार मुळीच करू नका.

पोर्क खात नाही. कोंबडीचं होईल का?

होईल, आणि तो तिथलाच स्वतंत्र पदार्थ आहे. नॉर्मंडीतल्या ओज खोऱ्याच्या नावाने ओळखला जातो. मांड्या घ्या, छाती नको. कोंबडी पूर्ण शिजवायची असते, म्हणून परतून झाल्यावर सीडरमध्येच झाकण ठेवून अर्धा तास. बाकी सगळं हेच.

सोबत काय वाढायचं?

उकडलेले बटाटे, लोण्यात घोळवलेले. भाताबरोबर मला सॉस सपक लागतो. गोव्यात पोदेराची पोई मिळत असेल तर दुसरं काही नको. पुण्यात बेकरीतला कडक पाव. ताटलीला लागलेला शेवटचा सॉस पावानेच निपटायचा असतो. सोबत काही हिरवं हवं असेल तर कोबी बारीक चिरून लोण्यात दोन मिनिटं परता.

उरलं तर दुसऱ्या दिवशी गरम कसं करायचं?

चॉप आणि सॉस वेगवेगळे, झाकून, फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतात. मायक्रोवेव्हमध्ये चॉप चामड्यासारखा होतो. त्याऐवजी हाडावरचं मांस पातळ काप करून काढा, सॉस मंद आचेवर वाफाळेपर्यंत गरम करा आणि काप त्यात घालून सगळं गरम होईपर्यंतच ठेवा. आम्ही बहुतेकदा गरमच करत नाही. थंड काप, मस्टर्ड, सफरचंदाच्या दोन फोडी, पावात घालून डब्यात देते. हाडं टाकू नका. वाटाण्याचं सूप करणार असाल तर त्यात एक तास उकळा.